ऐन गडबडीत पाहिलेलं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात कामाने नुसता पिट्टा पाडला. एका मोठ्या कामाची मुदत डोक्यावर आलेली, त्यात दोघं जण रजेवर. घरी आल्यावरही लॅपटॉप उघडाच. पण माझी खोड तुला माहीत आहे, अजिबात वेळ नसला की मी नेमका भलतीकडे रमतो. फाइल अपलोड होईस्तोवर काहीतरी वाच, रात्री डोकं बधिर झालं की टीव्ही लाव, असं करत बरंच हाती लागलं. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच विषय बदलशील, म्हणून लिहितोच.

सगळ्यात आधी व्हॉयेजर-1. 1977 साली सोडलेलं हे यान अजून चालू आहे, हे तुला ठाऊक असेलच. पण नोव्हेंबर 2023 मध्ये ते एकाएकी बरळायला लागलं, त्याची सगळी कथा मी आता वाचली. संदेश येत होते, पण अर्थबोध शून्य. यान तेव्हा जवळपास 24 अब्ज किलोमीटरवर. आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे ‘ऐकू येतंय का?’ विचारायचं आणि जवळजवळ दोन दिवस वाट बघत बसायचं.

मार्च 2024 मध्ये नासाच्या लोकांनी त्याच्या संगणकाला डिवचणारी एक आज्ञा धाडली. उत्तरात पुन्हा बडबडच आली, पण जरा वेगळी. एका अभियंत्याने ती उलगडली, तर आत संगणकाच्या अख्ख्या मेमरीचा उतारा! तो बिघाडाआधीच्या उताऱ्याशी ताडून पाहिल्यावर कळलं की मेमरीचा साधारण 3 टक्के भाग निकामी झालाय, बहुधा एक चिप गेली म्हणून. आता तिथे जाऊन चिप बदलणार कोण? मग त्या जागेवरचा प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायचं ठरलं, तर तो एकसंध मावेल एवढी रिकामी जागाच नाही. शेवटी त्याचे तुकडे केले, ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवले, आणि या तुकड्याने त्या तुकड्याला बोलावलं तर तो नव्या पत्त्यावर सापडावा म्हणून जागोजागचे पत्ते बदलले. 18 एप्रिलला पहिला भाग पाठवला. 20 तारखेला यानाने स्वतःच्या तब्येतीचा हालहवाल कळवला, पाच महिन्यांनी पहिल्यांदाच शहाण्यासारखा. तू जुने रेडिओ उघडून बसायचास ना, तुला यातली मजा माझ्यापेक्षा जास्त कळेल. यान उडवणाऱ्यांचं कौतुक सगळे करतात. मला हे दुरुस्तीवाले लोक जास्त आवडले.

आणि योगायोग बघ, त्याच रात्री टीव्हीवर लागला होता समुद्राखालच्या केबलींवरचा माहितीपट. झोपायचं सोडून बघत बसलो. आपण ‘क्लाउड’ म्हणतो आणि वर आभाळाकडे बघतो, पण एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारा जवळपास सगळा डेटा समुद्राच्या तळावरून जातो. खोल पाण्यातली केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाड. ती तुटते कशाने? शार्कची गोष्ट लोक चवीने सांगतात, पण खरे गुन्हेगार म्हणजे मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर. केबलमधून प्रकाशाचा झोत सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, की तूट किती अंतरावर आहे ते किनाऱ्यावर बसून कळतं. मग जहाज निघतं. तळापर्यंत गळ सोडून केबल वर ओढायची, दोन्ही टोकं साफ करायची आणि काचेचे ते बारीक तंतू एकेक करून वितळवून जोडायचे. बाहेर जहाज हेलकावतंय आणि आत एक माणूस सूक्ष्मदर्शकावर वाकून शांतपणे काचेला काच जोडतोय. त्याच्या हातांवरून माझी नजर हटेना.

मग अर्थातच इतिहास शोधला. 1858 साली अटलांटिकखालून पहिली तार टाकली. व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला 16 तास लागले. तरी दोन्हीकडे जल्लोष झाला! आणि सिग्नल नीट जाईना म्हणून एका महाशयांनी व्होल्टेज भरमसाट वाढवलं. तीनेक आठवड्यांत तार मेली.

बाकी किरकोळ. गॉडविट नावाच्या एका पक्ष्याने 2022 मध्ये अलास्का ते टास्मानिया 13,560 किलोमीटर न थांबता उडून काढले, 11 दिवसांत, आणि वय फक्त पाच महिने! बातम्यांच्या चर्चा पाचेक मिनिटं पाहिल्या; आठ जण एकदम बोलत होते, आवाज बंद केल्यावर बऱ्या वाटल्या. ‘शास्त्रज्ञही हादरले’ असं लिहिलेले व्हिडिओ मी उघडतच नाही. एकही शास्त्रज्ञ हादरलेला नसतो.

वहिनींना नमस्कार सांग. सविस्तर उत्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझाच,
अविनाश

ता.क. एक राहिलंच. युरोपातले ईल मासे अंडी घालायला अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रात जातात म्हणतात, पण तिथे त्यांचं मीलन आजवर कुणीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि तरुण फ्रॉइडने 1876 मध्ये 400 च्या आसपास ईल चिरले होते, नरांची वृषणं शोधायला. होय, तोच मानसशास्त्रवाला! यावर काही चांगलं वाचायला मिळालं तर ताबडतोब पाठव. मुदतीचं माझं मी बघतो.