वाइनची ओळख अनुभवाच्या गोष्टींतून व्हावी

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे वाइनविषयी दोन लेख प्रसिद्ध झाले. पहिल्या लेखात नाशिक जिल्ह्यातील या उद्योगाची वाटचाल आणि करांचे प्रश्न होते, तर दुसऱ्यात ग्लास कसा धरावा, कोणत्या पदार्थासोबत कोणती वाइन घ्यावी आणि तिच्यात कोणकोणत्या फळांचे वास येतात याची माहिती होती. दोन्ही लेख मी मन लावून वाचले आणि त्यांतील माहितीत मला खोट दिसली नाही. मात्र वाचून झाल्यावर माझ्या सुनेने मला विचारले, "बाबा, काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन होते का हो?" या साध्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही लेखांत नव्हते. घरात फ्रीजमध्ये शरद सीडलेसचा घड होता. त्यातला एक मणी तिच्यासमोर बशीत चिरडला. साल काळीभोर असूनही रस पाण्यासारखा फिकट निघाला. रंग सालीत असतो, म्हणून साल लगेच बाजूला केली तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होते आणि फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात ती वर्षानुवर्षे केली जाते, हे तिला त्या एका मण्यावरून कळले. तेव्हापासून हे पत्र लिहायचे माझ्या मनात होते.

मी दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. पस्तीस वर्षे खायच्या द्राक्षांची बाग केली आणि त्यातली सात वर्षे दोन एकरांवर वाइनची द्राक्षेही लावली. वाइनविषयी मला जे काही थोडे समजते, ते माहितीपत्रकांतून समजलेले नाही. ते मला माणसांनी सांगितलेल्या गोष्टींतून समजले आणि म्हणूनच आजवर लक्षात राहिले आहे.

गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये 'सुला' ही वाइन कंपनी सुरू केली, २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि पाठोपाठ आमच्याकडे वाइनच्या द्राक्षांचे करार होऊ लागले. आम्ही २००३ मध्ये एका कंपनीशी करार करून शिराझ हे लाल वाइनचे काळे द्राक्ष लावले. माझे वडील तेव्हा होते. त्यांचे सारे आयुष्य थॉमसन या खायच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या मांडवाखाली गेलेले. मणी फुगवायचा, विरळणी करून घड मोकळा करायचा, मणी वाढवणाऱ्या जीए या संजीवकात घड वेळेवर बुडवायचे आणि निर्यातीला अठरा मिलिमीटरच्या पुढचा मणी काढायचा, यात त्यांचा हात धरणारे गावात फार कोणी नव्हते. शिराझचा पहिला बहर आला तेव्हा वाटाण्याहून जरासे मोठे मणी पाहून ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. आपल्या बागेत असा माल निघाला याची त्यांना लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा वाइनमेकर पाहणीला आला. तो तिशीतला मुलगा होता. वडिलांची नाराजी त्याच्या लक्षात आली असावी. त्याने एक मणी तोडला, नखाने साल सोलली आणि वडिलांच्या तळहातावर ठेवून ती बोटाने चोळायला सांगितली. बोटाला जांभळा डाग पडला. "बाबा, आम्हाला ही साल हवी आहे," तो म्हणाला, "मणी जेवढा लहान तेवढी रसाच्या मानाने साल जास्त आणि रंगही तिच्यातच, तुरटपणाही तिच्यातच. तुम्ही मणी फुगवलात तर आम्हाला नुसते पाणी मिळेल." मग त्याने बी काढून चावायला दिली. ती हिरवट होती आणि कडू लागली. रसातली साखर मोजणाऱ्या आमच्या रिफ्रॅक्टोमीटरवर तेव्हा बावीस ब्रिक्स, म्हणजे साधारण बावीस टक्के गोडी, दिसत होती. थॉमसन अठराला तोडणाऱ्या वडिलांना आता थांबायचे कारण समजेना. तो पुन्हा आठ-दहा दिवसांनी आला आणि पुन्हा बी चावायला दिली. या वेळी ती तपकिरी झाली होती आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी दाताखाली कुडकन फुटली. "आता तोडा," एवढेच तो म्हणाला. गोडी आधी येते आणि सालीची व बीची पक्वता तिच्या मागून येते, हे वडिलांना त्या दिवशी समजले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते गावातल्या प्रत्येकाला बी चावायला देत असत. सीडलेसच्या बागेत ज्या बीला कधी जागाच नव्हती, तिच्याविषयी ते दोन वर्षे बोलत राहिले.

तोडणी पहाटे झाली, कारण उन्हात तापलेला माल कारखान्यापर्यंत पोहोचेतो खराब होऊ लागतो. मी आणि वडील क्रेटच्या गाडीबरोबर गेलो. तेथे पेठ तालुक्यातील एक कामगार टाक्यांवर काम करीत होता. पूर्वी तो आमच्याच भागात छाटणीच्या टोळीतून येत असे, म्हणून ओळख निघाली. त्याने वडिलांना पांढऱ्या वाइनच्या एका टाकीपाशी नेले आणि म्हणाला, "बाबा, कान लावून बघा." टाकी बाहेरून इतकी गार होती की तिच्यावर पाण्याचे थेंब जमले होते. वडिलांनी कान लावला, मग मी लावला. आतून चुलीवरच्या आधणासारखा आवाज येत होता. गार टाकीत उकळी कशी, असे वडिलांनी विचारले, तेव्हा त्याने सांगितले की आत यीस्ट साखर खाते आहे, तिची दारू होते आहे आणि जो वायू सुटतो त्याचे हे बुडबुडे आहेत. या कामात उष्णता निर्माण होते आणि ती वाढू दिली तर वास उडून जातो, म्हणून टाकी बाहेरून थंड ठेवावी लागते. लाल वाइनच्या टाकीत साली वर तरंगून जाड थर धरतात आणि दिवसातून दोन-तीनदा तो थर खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस वरून फिरवावा लागतो, हेही त्याने दाखवले. पण वाकून आत डोकावू दिले नाही. जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपण कंदील सोडून पाहतो ना, तोच कोंदट वायू इथेही साचतो, असे तो म्हणाला. तेवीस ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेबारा ते तेरा टक्के अल्कोहोल तयार होते, हा आकडा मी पुढे अनेक ठिकाणी वाचला. परंतु आकडा वाचताना मला अजूनही त्या गार टाकीचा आवाज ऐकू येतो.

आपण प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या लेखात ब्लॅककरंट, गूजबेरी अशा फळांचे वास सांगितले होते. आमच्यापैकी किती जणांनी ही फळे हातात घेतली असतील? वास्तविक सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये जो हिरवट वास येतो, त्याला कारण असणारे पायराझिन हे द्रव्य ढोबळ्या मिरचीतही असते आणि पिकत आलेल्या पेरूची आठवण तर कोणालाही येईल. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास का येतो, याचा उलगडा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये केला, कारण मिरीतले रोटुंडोन हेच द्रव्य त्या द्राक्षाच्या सालीत सापडले. आमच्या बागेतल्या शिराझचा घड हातात घेऊन ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर मिरी कोठून आली म्हणून आम्ही तिचा वास पुन्हा पुन्हा घेतला असता. चवीच्या बाबतीत तर आपली भाषा श्रीमंत आहे. टॅनिन म्हणजे काय हे समजावण्यासाठी परदेशी लेखक अर्धे पान खर्च करतात, तेथे आपल्याकडे 'तुरट' हा एक शब्द पुरतो. कोरा चहा, हिरडा, आवळा, कच्चे केळे यांनी जीभ कशी आवळून येते हे मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. षड्रसांत कषाय रसाला स्वतंत्र स्थान देणाऱ्या परंपरेतल्या वाचकाला उसने शब्द देऊन आपण त्याला उगाच बुजवतो, असे मला मनापासून वाटते.

बुजण्याचे कारण तर मुळीच नाही. बोर्डो विद्यापीठातील चौपन्न जणांपुढे पांढरी वाइन बेचव रंगाने लाल करून ठेवली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले, असा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. वाइनचेच शिक्षण घेणाऱ्यांचे नाकही डोळ्यांच्या मागे जाते, ही गोष्ट कळली की माझ्यासारख्या बागायतदाराला आपल्या जिभेला काय लागले ते सांगण्याचे धैर्य येते.

एक गोष्ट मात्र मी पुष्कळ उशिरा ऐकली आणि आधी ऐकली असती तर बरे झाले असते, असे वाटते. आम्ही सारे जण डॉगरिज खुंटावर, म्हणजे त्या जातीच्या मुळाच्या रोपावर, कलमे बांधतो. क्षार आणि पाण्याचा ताण तो सोसतो, एवढेच आम्हाला माहीत. हे नाव अमेरिकेतील टेक्सासमधल्या एका ठिकाणाचे आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्समधील बागा वाळवल्या, तेव्हा तिला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर कलमे करून त्या पुन्हा उभ्या करण्यात आल्या. त्या कामात मदत केल्याबद्दल टेक्सासचे वनस्पतितज्ज्ञ टी. व्ही. मनसन यांचा फ्रान्सने १८८८ मध्ये गौरव केला आणि डॉगरिज हा त्यांनीच निवडलेला खुंट. रोपवाटिकेच्या पिशवीवर मी हे नाव शेकडो वेळा वाचले होते, पण त्याच्यामागे एवढी मोठी हानी आणि एवढा मोठा उपाय उभा आहे, हे मला पुण्याजवळच्या मांजरी गावातील द्राक्ष संशोधन केंद्रात भेटलेल्या एका बागायतदाराने चहा पिताना सांगितले.

गोष्टी गोडच असाव्यात, असे माझे म्हणणे नाही. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप बसला. त्या हंगामात आमच्या कंपनीने माल उचलण्यास आधी उशीर केला आणि मग नकार दिला. खायचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने सोडले तर दुसरा घेतो. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे, त्याला बाजार समितीत कोणी हात लावत नाही. मार्च संपेपर्यंत घड वेलीवर सुरकुतत गेले. वडील रोज संध्याकाळी बागेत जाऊन येत आणि काही बोलत नसत. २०१० मध्ये आम्ही त्याच खुंटांवर पुन्हा खायच्या वाणाची कलमे बांधली. वाइनच्या किमतीत, करारात आणि साठवणुकीत कोणाची जोखीम किती असते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला ही गोष्टही सांगितली पाहिजे, आणि ती सांगणारी माणसे आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत.

दारूच्या प्रश्नाविषयी लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असे एका बाजूने आणि ती दारूच आहे असे दुसऱ्या बाजूने महिनाभर सांगितले गेले. ज्याने टाकीला कान लावला आहे त्याला या वादाची गरज पडत नाही. वाइनमध्ये अल्कोहोल आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. आमच्या गावात दारूने मोडलेली घरे मी पाहिली आहेत, त्या घरांतल्या बायका माझ्या बागेत विरळणीला येतात. त्यांच्या समोर मी वाइनला औषध म्हणणार नाही. परंतु आपल्याच मातीत पिकणाऱ्या आणि हजारो हातांना काम देणाऱ्या वस्तूविषयी अज्ञान बाळगल्याने त्या बायकांचे दुःख कमी होत नाही. वाइन प्यावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती कशी होते आणि तिच्यामागे कोण राबते, हे न पिणाऱ्यालाही कळावे. माझे वडील माळकरी होते. त्यांनी आयुष्यात वाइनचा थेंबही घेतला नाही आणि तरी वाइनविषयी त्यांच्याइतके रंगून बोलणारा माणूस मला भेटलेला नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की आपण आपल्या पुरवणीत ऑक्टोबर छाटणीपासून मार्चमधील तोडणी संपेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा एक सदर चालवावे आणि त्यात या कामातल्या माणसांना स्वतःच्या अनुभवातून बोलू द्यावे. छाटणीच्या टोळीतला मुकादम, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने अवकाळी पावसाच्या रात्री फवारणीला बाहेर पडणारा बागायतदार, निवडणी करणाऱ्या बाई, टाक्या धुणारा कामगार, प्रयोगशाळेत आम्लता मोजणारी मुलगी, पर्यटकांना चव देणारा तरुण, यांपैकी प्रत्येकाकडे सांगण्यासारखे आहे. त्यांतल्या पुष्कळांना लिहिता येणार नाही, तेथे आपल्या वार्ताहराने जाऊन ऐकून लिहावे आणि त्यांची बोली शक्यतो तशीच ठेवावी. कंपन्यांच्या जाहिराती या सदरात शिरू नयेत आणि प्रत्येक मजकुरातून वाचकाला वाइनविषयी किमान एक पक्की गोष्ट कळावी, एवढी काळजी घेतली तर पुरे. आपल्या शहराला ऐकण्याची सवय आहे. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेला उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक जमतात, ते बोलणारा माणूस अनुभवाचे सांगतो म्हणून.

सदराचा पहिला मजकूर लिहून देण्याची माझी तयारी आहे. त्यासोबत शेजाऱ्याच्या बागेतील शिराझच्या हिरव्या आणि तपकिरी बियांची छायाचित्रे फेब्रुवारीत काढून पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
दिंडोरी तालुका, जि. नाशिक