आमच्या मुलीचा बारमाही उपास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की आपल्या पुरवणीत कुठे काय चांगलं खायला मिळतं यावर भरभरून येतं. आमच्या घरी ते पान चवीने वाचलं जातं, पण उपयोग फारसा होत नाही. आमच्या ९ वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. पाचव्या वर्षी तिची उंची अडली, लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन वाढेना, पोट मात्र फुगलेलं. रक्ताची तपासणी, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी, आणि निदान झालं. औषध नाही. जन्मभर गहू बंद, हाच इलाज. हे सगळं ऐकून माझी आई एवढंच म्हणाली, "म्हणजे हिचा बारमाही उपास म्हण की!"

घरात निभतं. ज्वारी, तांदूळ, नाचणी आहेच. गिरणीत आपल्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, म्हणून घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली तेव्हा कळलं की त्या हिंगातही गव्हाचं पीठ आहे. म्हणजे वरणाची फोडणीसुद्धा संशयित! आता फोडणीला हिंग नाही, आणि आईची तक्रारही नाही.

खरी परीक्षा बाहेर. "ग्लुटेन चालत नाही" म्हटलं की वेटर हमखास सांगतो, "मैदा नाही वापरत साहेब, प्युअर गहू." एकाने तर कौतुकाने विचारलं, "एवढ्याशा पोरीचं डाएटिंग?" यात त्याची चूक नाही. हा शब्द त्याच्यापर्यंत वजन कमी करण्याच्या जाहिरातींतूनच आलेला आहे.

मागच्या वर्षी हायवेवरच्या एका हॉटेलात विचारून-विचारून साधा डोसा घेतला. सांबार नको, हिंगामुळे. चटणीही नको, तिला फोडणी होती. तव्यावर नुसतं पाणी मारून पुसू नका, घासून घ्या, असं दोनदा सांगितलं. "फक्त तांदूळ आणि उडीद, बिनधास्त खा," असं काउंटरवरून उत्तर आलं. रात्री दोनपर्यंत मी मोरीत तिची वेणी मागे धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी फोन केला, भांडायला नाही, फक्त कळावं म्हणून. आचारी प्रामाणिक होता. म्हणाला, "डोसा कुरकुरीत व्हायला पिठात मूठभर रवा टाकतोच की." रवा म्हणजे गहू, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. सुरमईच्या तुकडीला लावलेला रवा, मंच्युरियनमधला सोया सॉस, विकतच्या उकडीच्या मोदकात पारी फुटू नये म्हणून घातलेला चमचाभर मैदा, सगळीकडे हीच गत. लपवत कुणीच नाही, ते मोजण्यातच धरत नाहीत.

त्यानंतर आम्ही आईची युक्ती काढली. हॉटेलात शिरलं की सांगायचं, "मुलीचा उपास आहे." चमत्कार! तोच वेटर आत जाऊन विचारून येतो, खिचडीची कढई वेगळी असल्याची ग्वाही देतो, मालक स्वतः येऊन चमचा बदलून देतो. एकदा मुलीनेच हळूच विचारलं, "बाबा, आज कुठली एकादशी?" मी म्हटलं, हॉटेलची.

उपास मोडेल म्हटलं की सगळं स्वयंपाकघर सावध होतं. आतड्याला इजा होईल म्हटलं की उत्तर येतं, "थोडंसं चालतं हो." थोडंसं म्हणजे किती, तेही सांगतो. आपल्याकडे ग्लुटेन-मुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. किलोभर तांदळाच्या पिठात पाव ग्रॅम कणीक सांडली तरी ही मर्यादा गाठली जाते. पोळी लाटताना पोळपाटावर याहून जास्त पीठ उडतं.

पण खोटा उपास किती दिवस करायचा? साबुदाणा खाऊन पोर कंटाळली. शिवाय एका ठिकाणी उपासाचा वडा समोशाच्याच तेलात तळताना मी डोळ्यांनी पाहिला, तेव्हापासून त्या युक्तीवरचाही भरवसा गेला.

गणपतीपुळ्याजवळच्या एका घरगुती खानावळीत मी पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं. मावशींनी 'ग्लुटेन' ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. विचारलं, "म्हणजे गव्हाचं पीठ कशालाच लागता कामा नये ना? मग उपासाचा तवा आहे माझा, त्यावर करते." हात धुतले, परात धुतली, तांदळाची भाकरी थापली. मासे रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवले आणि सगळ्यांच्या आधी, ताज्या तेलात तळले. सोलकढी होतीच. मुलीने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि रात्री शांत झोपली. आम्हा दोघांनाच सवयीने झोप लागली नाही.

सिलिअ‍ॅक तसा दुर्मीळ नाही. उत्तर भारतातल्या पाहणीत १०० माणसांत साधारण एकाला तो आढळला आहे. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून लहानशा उपाहारगृहालाही ग्लुटेनसह १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. आपल्या २०२० च्या नियमांतही मेनूकार्डावर अशी माहिती देण्याची तरतूद आहे, पण ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० अथवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांसाठी. आमच्या सांगलीत आम्ही जिथे जेवायला जाऊ तिथे एक मालक, एक आचारी आणि चार पोरं असतात. त्यांच्यावर आणखी एक नियम लादा, असं मी म्हणणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने आणि हॉटेल मालकांच्या संघटनांनी आचाऱ्यांच्या प्रशिक्षणात एवढं सांगावं की रवा, मैदा, शेवया, सोया सॉस आणि डबीतला हिंग यांत गहू असतो किंवा असू शकतो, आणि गहू न चालणारं गिऱ्हाईक आलं तर उपासाचा तवा काढा. ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणा. आम्ही आभार मानून दुसरीकडे जातो, रागावत नाही.

पुढच्या महिन्यात मुलीचा वाढदिवस आहे. तिला हॉटेलात बसून मसाला डोसा खायचा आहे, घरचा नको. सांगली-मिरजेत कुणी डोशाच्या पिठात रवा घालत नसेल, भाजीची फोडणी हिंगाशिवाय करू शकत असेल आणि एक तवा वेगळा ठेवणार असेल, तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयात कळवावं. आम्ही दुपारी तीनला, गर्दी नसताना येऊ.

— एक वाचक, सांगली