मेकअपवर सनस्क्रीन परत कसं लावायचं, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आला की तुमच्या पुरवणीत त्वचेच्या काळजीचं एक पान येतं, यंदाही आलं. त्यात चुकीचं काहीच नसतं, पाणी भरपूर प्या, दुपारी बाहेर पडणं टाळा, सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी परत लावा. पण गाडी तिथेच थांबते. मी लालबागला पार्लर चालवते, लग्नाचे मेकअप पण घेते, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुली नेमकं हेच विचारतात की ताई, परत लावायचं म्हणजे लावायचं कुठे, खाली फाउंडेशन आहे, त्यावर पावडर बसवलीये, डोळ्यात काजळ आहे, सगळं धुवून पहिल्यापासून सुरू करायचं का, आणि ते करायचं कुठे, स्टेशनवरच्या नळावर? याचं उत्तर कुठे छापून येत नाही म्हणून बहुतेक जणी सकाळी एकदा लावतात आणि दिवस तेवढ्यावरच काढतात. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जागा असेल तर पूर्ण घ्या.

आधी मुंबईच्या उन्हाबद्दल. आपल्याला वाटतं ऊन म्हणजे नागपूरचं, जळगावचं, आपल्याकडे काय, घामच जास्त. पण अंगाला जाणवणारी उष्णता वेगळी आणि कातडीवर डाग पाडणारे अतिनील किरण वेगळे, ते थर्मामीटरवर दिसत नाहीत. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखालीच राहते. जुलैत ढग असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण हलक्या ढगांमधून हे किरण बऱ्यापैकी खाली येतातच. जागतिक आरोग्य संघटना सांगते यूव्ही इंडेक्स, म्हणजे या अतिनील किरणांचं माप, ३ झाला की संरक्षण घ्यायला लागा, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारी सुद्धा तो ३ च्या वर असतो, एप्रिल-मेचं तर विचारूच नका. मोबाइलवर आकडा बघायचा नसेल तर स्वतःची सावली बघा, ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे.

आता मुख्य गोष्ट. बायकांची एक पक्की समजूत झालीये की फाउंडेशनवर किंवा कॉम्पॅक्टवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, लिहिलाय म्हणजे सनस्क्रीनचं काम झालं. नाही होत. पाकिटावरचा आकडा काढताना चाचणीत कातडीच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावतात. त्या हिशोबाने नुसत्या चेहऱ्याला एक ग्रॅमच्या आसपास लागतं, मान धरली तर अजून जास्त. आता कॉम्पॅक्टची डबी असते नऊ-दहा ग्रॅमची. म्हणजे खरंच तेवढी पावडर लावली तर डबी आठ-दहा वेळात रिकामी व्हायला हवी, आणि आपली डबी तर चार-चार महिने पुरते! मग त्या पफमधून चेहऱ्यावर कितीसं संरक्षण येत असेल तुम्हीच सांगा. फाउंडेशनचंही तेच, तेवढं जाड लावून कोणी घराबाहेर पडणार नाही. आणि खाली ३० चं आणि वर १५ चं लावलं की ४५ होतं असंही काही नसतं.

माझ्याकडे एक मुलगी येते, ती एका नवीन टॉवरच्या साइटबाहेर हायवेला लागून उभी असते, फ्लॅटची पत्रकं वाटते, गाडीतल्या लोकांना माहिती देते. काळा ब्लेझर, केस घट्ट बांधलेले, आणि फुल बेस, म्हणजे चेहराभर फाउंडेशनचा थर, कंपल्सरी, लिपस्टिकचा शेड सुद्धा कंपनीने ठरवलेला. अकरा ते चार ऊन अंगावर. पहिल्यांदा आली तेव्हा वरच्या ओठावर आणि दोन्ही गालांच्या हाडांवर वांग उमटलेले, ते झाकायला ती कन्सीलर जास्त लावायची, मग तो घामाने फाटायचा, मग त्यावर कॉम्पॅक्ट, आणि दुपारी मिशीच्या जागी राखाडी पट्टा दिसायचा. पर्समधून तिने मला एसपीएफ १५ वाला कॉम्पॅक्ट काढून दाखवला आणि म्हणाली, मी लावते की ताई, दिवसातून तीनदा लावते. खरंच लावत होती हो बिचारी. मी तिच्या हाताची दोन बोटं घेतली, तर्जनी आणि मधलं, त्यावर बुडापासून टोकापर्यंत सनस्क्रीनच्या दोन रेघा ओढल्या आणि म्हटलं हे एवढं चेहऱ्याला आणि मानेला. ती बघतच राहिली, म्हणाली एवढ्यात तर माझा आठवडा जातो.

तर सकाळचं असं करा. तोंड धुवून, मॉइश्चरायझर लागत असेल तर ते लावून, त्यावर दोन बोटं सनस्क्रीन, दोन हप्त्यात लावलं तर नीट बसतं. कान, मानेची मागची बाजू, मंगळसूत्राच्या खालची जागा विसरू नका. मग दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका, तेवढ्यात डबा भरा, साडी नेसा. ही वेळ दिली नाही की वरचं फाउंडेशन सरकतं आणि चेहऱ्यावरून मळासारख्या वळ्या निघतात, आणि दोष जातो सनस्क्रीनला. फाउंडेशन ओल्या स्पंजने थापून लावा, घासू नका, घासलं की खालचा थर उचलला जातो. सनस्क्रीन आणि फाउंडेशन तळहातावर एकत्र कालवून लावायची फॅशन निघालीये ती अजिबात नको, त्यात दोन्ही पातळ होतं आणि संरक्षण किती उरलं याचा काही भरवसा नाही. आणि जिथे टिकली लावता तेवढी जागा टिश्यूने कोरडी करून घ्या, नाहीतर परळ येईपर्यंत टिकली गायब.

परत लावायचं ते असं. आधी घाम आणि तेल टिपायचं, साधा टिश्यू चेहऱ्यावर नुसता दाबायचा, ओढायचा नाही. हे न करता वर काहीही लावलं तर चिखल होतो. मग पातळ, जेलसारखं सनस्क्रीन हाताच्या मागे घ्यायचं, त्यात कोरडा स्वच्छ स्पंज किंवा कुशन पफ टेकवायचा आणि चेहऱ्यावर थापत जायचं, आधी कपाळ, मग नाकाचा शेंडा, गालांची हाडं, वरचा ओठ, शेवटी जबडा आणि मान, कारण ऊन आधी उंचवट्यांवर पडतं. एका वेळेला थोडं थोडं घ्यायचं आणि दोन-तीन थर द्यायचे. बेस थोडा हलतो, ते मान्य करा, वर पावडरचा एक हात फिरवला की ठीक दिसतं. मी नवऱ्या मुलींवर सुद्धा बाहेरच्या फोटोंच्या वेळी असंच करते, मेकअप टिकतो. स्टिक असेल तर काम अजून सोपं, पण एकदा फिरवून ठेवून देऊ नका, प्रत्येक जागेवरून तीन-चार वेळा गेली पाहिजे. डोळ्यांच्या भोवती स्टिकच बरी, लोशन घामाबरोबर डोळ्यात उतरतं आणि मग काजळासकट सगळं वाहतं. ओठांना एसपीएफवाला लिप बाम, त्यावर लिपस्टिक.

स्प्रेबद्दल मात्र मला काळजी वाटते. लेडीज डब्यात मुली तो तोंडासमोर धरून फुसफुस मारतात, वाऱ्याने अर्धा शेजारणीच्या तोंडावर जातो आणि उरलेला आपल्याच छातीत. चेहऱ्यावर स्प्रे थेट मारू नये, हातावर घेऊन लावावा. सेटिंग स्प्रे तर सनस्क्रीन नाहीच, त्याने मेकअप टिकतो, एवढंच.

हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बेसच कमी करायचा. हल्ली टिंटेड सनस्क्रीन मिळतात, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, त्याने कातडीचा रंग एकसारखा दिसतो आणि नुसते अतिनील किरणच नाही तर डोळ्यांना दिसणारा उजेड पण काही प्रमाणात अडतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीचे वांग या दिसणाऱ्या उजेडाने पण वाढतात, म्हणून वांग असणाऱ्यांनी टिंटेडच घ्यावं असं माझं मत आहे. त्यावर डागापुरता कन्सीलर, काजळ, लिपस्टिक, झालं, फाउंडेशन हवंय कशाला. दुपारी परत लावताना पण तेच टिंटेड थापलं की टचअप आणि संरक्षण एकाच वेळी होतं.

आणि एक, उगाच घाबरून पैसे घालवू नका. दिवसभर खिडकीपासून लांब बसणारीला दर दोन तासांनी लावायची गरज नाही. जेवायला खाली उतरायच्या आधी एकदा आणि उन्हात निघणार असाल तर निघताना एकदा, पुरे. संध्याकाळी सातला सुटणारीला तर निघताना लावायचं कारणच नाही. पण काचेजवळ बसत असाल तर गोष्ट वेगळी, अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत येतात, त्यातला यूव्हीबी साध्या काचेने अडतो, यूव्हीए आत येतो, आणि काळवंडणं, सुरकुत्या यात त्याचा मोठा हात आहे. शोरूमच्या दर्शनी काचेमागे काउंटरवर उभ्या मुली, एसी लोकलमध्ये उन्हाच्या बाजूला बसणाऱ्या, सगळ्यांना हे लागू आहे. यासाठी पाकिटावर एसपीएफच्या बरोबर पीए लिहिलंय का बघा, प्लस जितके जास्त तितकं यूव्हीएपासून संरक्षण जास्त, चारपर्यंत असतात. एसपीएफ १०० च्या मागे धावू नका, ३० चं नीट लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडतो, ५० चं लावलं तर ९८. थोडंसं लावलेल्या ५० पेक्षा पुरेसं लावलेलं ३० कधीही चांगलं.

आपण सावळ्या, आपल्याला काय गरज, असं पण ऐकते मी. सावळ्या कातडीला थोडं नैसर्गिक संरक्षण असतं आणि कातडीचा कॅन्सर आपल्यात गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी, हे खरंच आहे. पण वांग, डाग, पिंपल गेल्यावर मागे राहणारी काळी खूण, हे आपल्यालाच जास्त छळतं. आणि सनस्क्रीन गोरं व्हायला लावायचं नसतं. जाहिरातवाल्यांनी त्याला फेअरनेस क्रीमच्या शेजारी नेऊन बसवलंय याचा मला खरंच संताप येतो, कारण मग मुली सनस्क्रीनने गोरं नाही झालं म्हणून कोणीतरी सांगितलेलं स्टिरॉइडचं मलम चोळतात आणि कातडी पातळ करून, लाल करून माझ्याकडे येतात. अशांना मी पार्लरमध्ये हात लावत नाही, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे पाठवते.

खर्चाचं पण बोलायला पाहिजे. दोन बोटं, दिवसातून दोनदा, या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवडे जेमतेम पुरते. महिन्याला पाचशे-सातशे रुपये हे पंधरा-अठरा हजार पगारवालीला जड आहेत. म्हणून मी सांगते की ऊन आधी कापडाने अडवा, छत्री घ्या, ओढणी घ्या, फुल बाह्यांचा कॉटनचा शर्ट घाला, मग सनस्क्रीन चेहऱ्या-मानेपुरतंच लागेल. फक्त स्कूटीवर ओढणी तोंडाला घट्ट बांधता तेव्हा तिने सनस्क्रीन पुसलं जातं, सोडल्यावर परत लावा. आणि ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने खराब होते.

पण छत्री घ्यायची परवानगीच नसेल तर? माझी मुख्य तक्रार ही आहे. मेकअप हा ज्यांच्या ड्युटीचा भाग आहे, साइटवर उभ्या मुली, एक्झिबिशनच्या बाहेर उभ्या मुली, मॉलच्या दारातल्या प्रमोटर, त्यांना मेकअपची सक्ती आहे पण तो सांभाळायला वेळ नाही, आरसा नाही, कधी कधी हात धुवायला पाणी पण नाही. ज्या मालकाला चेहरा चकचकीत हवा त्याने दुपारची दहा मिनिटं, एक आरसा आणि एक बेसिन द्यायलाच पाहिजे. उन्हातल्या ड्युटीला फुल बेसची आणि काळ्या ब्लेझरची सक्ती काढावी, टोपी चालेल म्हणावं, छत्री चालेल म्हणावं, आणि सनस्क्रीनचा खर्च युनिफॉर्मसारखा कंपनीने करावा. माझ्याकडे येणाऱ्या त्या साइटवरच्या मुलीने छत्री मागितली तर सुपरवायझर तिला म्हणाला की ब्रँडचा लूक जातो.

कंपन्यांनी पण ट्यूबवर मराठीत आणि हिंदीत स्पष्ट लिहावं की एका वेळेला किती घ्यायचं, दोन बोटांचं चित्र काढलं तरी चालेल. अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडतं, आपल्याकडे कॉस्मेटिकमध्ये, ठीक आहे, पण मापाचं चित्र काढायला तर कोणाची हरकत नसावी.

तुम्हाला विनंती एवढीच की ऑक्टोबरचं ऊन सुरू व्हायच्या आधी जी पुरवणी काढाल त्यात हे परत लावायचं पायरीपायरीने, फोटो काढून छापा. करून दाखवायला कोणी हवं असेल तर मी येईन, पैसे नकोत. फक्त मॉडेल सावळी घ्या, कारण पांढरट थर कुठे राहतो आणि तो कसा मिसळायचा हे तिच्याच चेहऱ्यावर नीट दिसतं.

कळावे,
एक मेकअप आर्टिस्ट, लालबाग, मुंबई