गाड्या वाटण्याआधी मोकळा वेळ मोजा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गस्तीसाठी नव्या गाड्या देणार असल्याचं आपण जाहीर केलंत. त्या गाड्यांना माझा विरोध नाही. पण मी पोलीस नियंत्रण कक्षात वायरलेसच्या टेबलावर १९ वर्षं काढली आहेत. गाडी कमी पडणं वेगळं आणि मोकळी गाडी नसणं वेगळं, हे मला तिथे कळलं. म्हणून लिहिते आहे.

गस्त म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दिवा लावून संथ फिरणारी गाडी येते. ती गाडी फिरते फार थोडा वेळ. पाळी बदलताना हजेरी होते. कोणती वाहनं चोरीला गेली, कोणाला कुठे जायला मनाई आहे, कोणत्या घरात पुन्हा भांडण पेटेल, हे सांगितलं जातं. हद्दीतले बीट, म्हणजे एकेका गाडीने सांभाळायचे भाग, वाटून दिले जातात आणि गाड्या निघतात. तेवढ्यात पहिला कॉल येतो, नवराबायकोच्या भांडणाचा. पोचायला दहा मिनिटं, दोघांना वेगवेगळं बसवून ऐकून घ्यायला पाऊण तास. बाईला मार लागला असेल तर आधी दवाखाना, तिथे डॉक्टरांची वाट, मग ठाण्यात फिर्याद. तीन तास जातात आणि तेवढा वेळ तो बीट उघडा. मग शेजारच्या बीटची गाडी ओढायची, म्हणजे तोही उघडा. माझ्या समोरच्या नकाशावर सहा गाड्या दिसायच्या आणि पाठवायला एकही नसायची.

अशाच एका रात्री एका आजींचा फोन आला. कोणीतरी दार ठोठावत होतं आणि त्या घरात एकट्या होत्या. एक गाडी अपघातातल्या जखमींबरोबर दवाखान्यात अडकलेली, दुसरी एका बेवारस मृतदेहापाशी पंचनाम्याची वाट पाहत उभी. मी आजींना फोन ठेवू दिला नाही. "बाळ, गाडी निघाली का गं?" असं त्यांनी चार वेळा विचारलं. चारही वेळा मी "निघाली आहे आजी" म्हणाले. पहिल्या तीन वेळी ते खोटं होतं. गाडी पोचली तेव्हा ठोठावणारा निघून गेला होता आणि आजी सुखरूप होत्या. ते खोटं मात्र अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

आता गाडीमागच्या माणसांचा हिशेब बघा. दिवसाच्या तीन पाळ्या म्हणजे आठवड्याच्या २१. एक माणूस आठवड्याला पाच पाळ्या करतो. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण, न्यायालयातली साक्ष धरली की एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला किमान पाच माणसं लागतात. गाडीत दोघं असतील तर दहा. ही दहा माणसं मंजूर न करता नवी गाडी दिली, तर ती ठाण्याच्या आवारात उभी राहील, किंवा दमलेल्या माणसांना दुहेरी पाळी लावून फिरवली जाईल. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका घसरतो, हे १९९७ साली प्रयोगातून दिसलं आहे. अशा माणसाच्या हातात आपण स्टिअरिंगही देतो आणि शस्त्रही.

गाडी फिरली पाहिजे, हा आग्रहही तपासून घ्यावा. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी १९७२-७३ मध्ये १५ बीट निवडले. पाच बीटमध्ये नेहमीची गस्त बंद करून फक्त कॉल आला तरच गाडी पाठवली, पाच ठिकाणी गस्त दुपटी-तिपटीने वाढवली, उरलेल्या पाचमध्ये काही बदललं नाही. वर्षभरानंतर गुन्हे, लोकांची भीती, पोलीस पोचायला लागणारा वेळ, कशातच म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. यावरून काही जणांनी गस्तच निरुपयोगी ठरवली, तो घाईचा निष्कर्ष होता. अमेरिकेतल्याच मिनियापोलिसमध्ये १९८८-८९ मध्ये वारंवार कॉल येणाऱ्या ११० मोजक्या जागा घेतल्या आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी पोलिसांची हजेरी वाढवली. तिथले गुन्ह्यांचे कॉल ६ ते १३ टक्क्यांनी कमी झाले. पुढच्या अभ्यासातून असंही दिसलं की एका जागी दहा-पंधरा मिनिटं थांबून मग निघावं. नुसतं गाडीतून पुढे गेल्याने काही होत नाही आणि तासभर बसून राहिल्याने फायदा वाढत नाही.

असं थांबायला मोकळा वेळ लागतो, आणि नेमका तोच आपल्या हिशेबात कुठे नाही. गस्तीचे किलोमीटर मोजले जातात, ठरलेल्या ठिकाणच्या वहीतल्या सह्या मोजल्या जातात. सही झाली की गाडी पुढे. मी ज्यांच्याशी वायरलेसवर बोलायचे ते अंमलदार काही कामचुकार नव्हते. जे मोजलं जातं तेच ते करत होते.

एक गोष्ट फार कळकळीने सांगते. बीटवरचा माणूस वारंवार बदलू नका. आमच्याकडे एक हवालदार एकाच बीटवर सहा वर्षं होते. मी पत्ता सांगायला लागले की ते मध्येच म्हणायचे, "ताई, कळलं, त्यांचा मोठा मुलगा असेल. त्याला आधी बाहेर बोलावतो." अशा घरात ते वीस मिनिटांत शांतता करून यायचे, नव्या माणसाला तिथेच दोन तास लागायचे. ते पायी फिरायचे, म्हणून लोक त्यांना ओळखायचे. अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरातल्या पायी गस्तीच्या प्रयोगाचा अहवाल १९८१ साली आला. गुन्हे घटले नव्हते, पण लोकांची भीती कमी झाली होती आणि पोलिसांविषयीचं मत सुधारलं होतं. भीती कमी होणं मला छोटं यश वाटत नाही. त्या आजींचा आवाज मी ऐकला आहे.

माझं मागणं खर्चाचं नाही. नियंत्रण कक्षाच्या रोजच्या अहवालात किती कॉल आले, सरासरी किती मिनिटांत गाडी पोचली, हे असतंच. त्यात एक रकाना वाढवा : प्रत्येक बीटवर, प्रत्येक पाळीत, पाठवायला एकही गाडी मोकळी नव्हती असा वेळ किती. गाडी कामाला कधी लागली आणि कधी सुटली याची नोंद टेबलावर आधीपासून होते, फक्त बेरीज कोणी करत नाही. ती बेरीज महिनाभर करून घ्या आणि ती समोर ठेवून नव्या गाड्या आणि त्यांच्यावरची माणसं कुठे द्यायची ते ठरवा.

आपली नम्र,
नियंत्रण कक्षातली एक निवृत्त वायरलेस ऑपरेटर