मोहरीचा दाणा आणि हिरोशिमा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरच्या आधीच्या गेल्या उपवासकाळात एका रविवारी संध्याकाळी वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सभागृहात कुटुंबांसाठी म्हणून ‘लिटल बॉय’ हा २०१५ सालचा चित्रपट दाखवण्यात आला. पडदा गुंडाळून झाला तरी तासभर कोणी घरी जायला तयार नव्हते. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि त्यांचाच मुलगा ‘असला सिनेमा लहान मुलांना दाखवूच नये’ असे तावातावाने सांगत होता. अमेरिकेत हा चित्रपट लागला तेव्हाही असेच झाले होते. श्रद्धाळू कुटुंबांनी तो उचलून धरला आणि बहुतेक समीक्षकांनी त्याला झोडपून काढले. मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना धर्मशिक्षण दिले आहे, त्यामुळे हा वाद मला परका वाटत नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावात पेपर नावाचा, वयाच्या मानाने फारच बुटका मुलगा राहतो आणि गावातली पोरे त्याला ‘लिटल बॉय’ म्हणून चिडवतात. थोरल्या भावाला सपाट पायांमुळे सैन्यात घेत नाहीत, म्हणून त्याच्याऐवजी वडील जातात आणि फिलिपीन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडतात. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगरही हलेल, हे ख्रिस्ताचे वचन ऐकून मुलगा ठरवतो की आपण विश्वासाच्या बळावर वडिलांना घरी आणायचे. फादर ऑलिव्हर त्याच्या हाती एक जुनी यादी देतात. भुकेल्याला जेवू घाल, बेघराला आसरा दे, कैद्याला भेट, आजाऱ्याची विचारपूस कर, मृताला मूठमाती दे, अशी ती दयेची कृत्ये. त्या यादीत ते आणखी एक ओळ घालतात : हाशिमोतोशी मैत्री कर. हाशिमोतो हा गावात राहणारा जपानी गृहस्थ, आणि त्याच्याच घरावर दोघा भावांनी दगड मारलेले असतात.

मी स्वतः वर्गात मोहरीचा दाणा वापरत आले आहे. मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर मोहरी कागदाच्या पुडीत न्यायची आणि प्रत्येक मुलाच्या तळहातावर एकच दाणा ठेवायचा. तो हमखास निसटतो, फरशीवर घरंगळतो आणि मुले बाकांखाली वाकून त्याला शोधत बसतात. मग एखादे मूल विचारतेच, ‘बाई, डोंगर खरेच हलेल का?’ या प्रश्नाला माझ्यापाशी कधीही चांगले उत्तर नव्हते. चित्रपटातले फादर मुलासमोर एक बाटली ठेवतात. तो हात पुढे करून जीव तोडून जोर लावतो, आणि शेवटी फादर स्वतःच ती बाटली सरकवून त्याला समजावतात की मला ती हलवायला लावणारा तूच. चित्रपट आवडला म्हणणाऱ्यांना बहुधा हेच भावले असावे, आणि मी याबाबतीत त्यांच्या बाजूने आहे. मनात द्वेषाचा एक कणही उरला तर यादीचा काही उपयोग नाही, अशी जी अट फादर घालतात, ती तर मी कोणत्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात इतक्या सोप्या शब्दांत वाचलेली नाही.

‘फारच गोडगोड आहे’ या तक्रारीतही तथ्य आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत राहावे लागले. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. अमेरिकेने त्याबद्दल कायद्याने माफी मागितली ती १९८८ मध्ये. या सगळ्याचा भार एकट्या हाशिमोतोच्या शांत चेहऱ्यावर टाकून चित्रपट पुढे सरकतो.

पण खरा वाद पेटला तो ६ ऑगस्टच्या प्रसंगावरून. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचे नाव ‘लिटल बॉय’ होते. ती बातमी गावात येते आणि जणू मुलाच्या प्रार्थनेनेच हे घडले, अशा थाटात सगळे गाव त्याचे कौतुक करू लागते. आमच्या सभागृहातही त्या क्षणी दोन-चार टाळ्या पडल्या. त्या मी विसरू शकलेले नाही. पुढे तो मुलगा जळून राख झालेल्या हिरोशिमातून चालतो आहे असे दृश्य येते, म्हणजे दिग्दर्शकाला त्या आनंदाची लाज कळत होती हे उघड आहे. मात्र ते दृश्य इतके लवकर संपते की टाळ्या वाजवणाऱ्याला आपले हात खाली घ्यायलाही वेळ मिळत नाही. ज्या गावाच्या मनात द्वेषाचा डोंगर आहे, त्या गावाचा आनंद यादीच्या अटीत कुठेच बसत नाही. हे पडद्यावर कोणीतरी, निदान फादर ऑलिव्हरनी तरी, मुलाला सांगायला हवे होते. माझ्या मते चित्रपटाची मोठी चूक हीच, आणि ‘देवाने ऐकले’ असे म्हणत घरी जाणाऱ्यांशी माझे पटत नाही ते याच ठिकाणी.

वसईकरांना तर हे अधिक लागायला हवे. भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया हे आमच्या वसईचे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना इतर पंचवीस जणांसह क्रुसावर चढवण्यात आले, आणि त्यांतले बहुतेक जण जपानी होते. नागासाकी हे नाव आम्ही शाळेच्या भूगोलाआधी देवळात ऐकलेले असते. त्याच शहराच्या उराकामी भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अडीचशे वर्षे लपूनछपून श्रद्धा जपली होती. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा बॉम्ब पडला तो त्यांच्या कॅथेड्रलपासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर. १५ ऑगस्टच्या मरियामातेच्या सणाच्या तयारीसाठी लोक पापनिवेदनाला आले होते. त्या धर्मग्रामातले सुमारे बारा हजारांपैकी साडेआठ हजार लोक गेले. त्यांनीही त्या सकाळी प्रार्थना केली होती, आणि त्यांचा विश्वास मोहरीच्या दाण्याहून खचितच मोठा होता.

पॅसिफिकमधल्या तिनियन बेटावरून जाऊन अणुबॉम्ब टाकणाऱ्या दलाचे कॅथलिक धर्मगुरू फादर जॉर्ज झाबेल्का यांनी पुढे आपण तेव्हा गप्प राहिलो याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला आणि उरलेले आयुष्य शांततेच्या कार्याला दिले. अशी माणसे आपल्याच परंपरेत असताना श्रद्धेच्या चित्रपटाने त्या प्रश्नावरून घाईघाईने पुढे जावे, याचे मला दुःख होते.

तरीही ‘दाखवूच नये’ हे मला मान्य नाही. शेवटी वडील परततात, जखमेमुळे त्यांना मुलाची ओळख लागत नाही, आणि तरी तो मुलगा त्यांच्याशी बोलत राहतो, तेव्हा मीही रडले आणि त्या रडण्यात मला काही खोटे वाटले नाही. माझे म्हणणे इतकेच की दाखवणाऱ्यांनी हिरोशिमाच्या दृश्यापाशी चित्रपट पाच मिनिटे थांबवावा, दिवे लावावेत आणि मुलांना बोलू द्यावे. आमच्या धर्मग्रामात पुढच्या वर्षी तो पुन्हा लावायचे ठरले, तर आधी उराकामीची हकिगत सांगण्याचे काम मी आनंदाने करीन आणि मोहरीची पुडीही सोबत आणीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई