ताप उतरला का?

देवगड, आषाढ अमावास्या

चि. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

तीन दिवस ताप होता आणि आम्हाला कळलं ते तुझ्या मैत्रिणीकडून. रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. पेज करून घेतेस ना? कुळथाचं पीठ अजून संपलं नसेल.

तू पाठवलेलं टिपण दोनदा वाचलं. बिघडून आलेल्या सिग्नलवरून मूळ संदेश ओळखायची व्हिटर्बीची १९६७ सालची रीत तशीच ठेवायची, फक्त जिथे तिला चॅनेलची, म्हणजे सिग्नल ज्या वाटेने येतो तिची, माहिती लागते तिथे लहानसं न्यूरल नेटवर्क बसवायचं. सगळंच नेटवर्कवर सोपवलं तर त्याला शिकवायला नोंदींचे ढीग लागतात. गणिताला जे ठाऊक आहे ते पुन्हा कशाला शिकवायचं? हे वाचलं आणि खाडीवरून जाणारी आमची मायक्रोवेव्ह लिंक डोळ्यांपुढे आली. एक लहर थेट यायची, दुसरी पाण्यावर आपटून. दोघी एकमेकींच्या उलट पडल्या की सिग्नल बसलाच. भरतीने पाणी चढलं की दुसरीची वाट बदलते, एवढं सूत्रात होतं. पण खवळलेल्या पाण्यावरून ती किती विस्कटून येईल, हे सूत्र कुठून सांगणार? ते मी वहीत टिपायचो, उधाणाच्या वेळांसकट. साहेबांनी टॉवरवर खालच्या उंचीला दुसरी अँटेना बसवायचं ठरवलं, तेव्हा आधी ती वही मागून घेतली होती. तू पाच वर्षांची होतीस. मागच्या पानावर होड्या काढून ठेवल्यास, आणि त्या साहेबांनीही बघितल्या.

म्हणून सांगतो, नोंदी घेताना वाईट दिवस गाळू नकोस. नेटवर्कने नुसतं शांत पाणीच बघितलं असेल तर पावसाळ्यात ते खुशाल चुकीचं उत्तर देईल. आणि रात्री बारानंतर जागायचं नाही. ताप अंगावर काढायचा नाही. तुझ्या काकानेही असंच

जाऊ दे. तुझ्या विषयात मी तुला शिकवायला लागलो, माफ कर. आईला तुझं टिपण वाचून दाखवलं. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण शेजारी सांगून आली.

बापू शनिवारी पुण्याला येतोय. हे पत्र आणि वही त्याच्याकडे देतो. होड्यांचं पान तेवढं काढून घेतलंय. थर्मामीटर आहे ना खोलीवर? पत्र मिळाल्याबरोबर ताप बघ आणि आकडा कळव.

तुझे
बाबा