विठोबाला विचारा

जा-एला, कोलंबोजवळ
रविवार, रात्री

प्रिय अव्या,

आठ महिने झाले. पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. साखर थोडी वर, बाकी ठीक. पोराच्या नोकरीपायी इथं येऊन राहिलोय, कोलंबोच्या उत्तरेला, वीसेक किलोमीटरवर.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू आधी हसशील, मग "मी काय म्हणत होतो?" म्हणशील. ते ऐकायची अजून तयारी नाही. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईल.

झालं असं. इथल्या एका गाण्याच्या क्लासमध्ये परीक्षा होती. बाहेरून येणारे परीक्षक ऐनवेळी आले नाहीत. क्लासच्या बाईंना कुठून तरी कळलं की भारतातले कुणी मास्तर जा-एलात रिकामे बसलेत. झालो मी परीक्षक! इकडची पोरं आपल्यापेक्षा मन लावून शिकतात, हे आधी सांगतो. लखनौचं विशारद म्हणजे इथं केवढा मान!

चौथा मुलगा आला. पांढरा शाळेचा शर्ट, हाताला घाम, तळवे सारखे पँटला पुसतोय. मोबाइलवर तंबोरा. यमन सरळ गायला. बोलताना घाबरत होता, गाताना नाही. शेवटी मी म्हटलं, आता एखादं भजन किंवा हलकंफुलकं काही म्हण. आधीच्या तिघांनी मीरा म्हटली होती. यानं डोळे मिटले आणि सिंहलीत एक गाणं धरलं, 'ओलु पिपीला'. सरळ सूर, मुरकी नाही, हरकत नाही, शब्द काचेसारखे स्वच्छ. बाहेर झाडणारा माणूस झाडू धरून दारात उभा राहिला. आणि मी, अव्या, मी काय विचारावं?

"यात राग कोणता?"

पोरगं गप्प. मी वीसपैकी आठ दिले.

आठवलं ना? मिरज, 1987. तू आबांच्या दिंडीतल्या चालीवर अभंग म्हटलास, परीक्षकांनी हेच विचारलं, आणि तू "विठोबाला विचारा" म्हणून चपला घालून निघालास. मी मात्र बसून राहिलो, पहिल्या वर्गात पास झालो आणि बाहेर येऊन तुला म्हणालो, हा माज आहे, गाणं नाही. तू माझ्या अंगावर चहा सांडलास. (चुकून सांडला हे तू आजही म्हणतोस. पूर्ण कप चुकून सांडत नाही.)

तर घरी आलो. घरमालकीणबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, इथंही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, मागच्या पडवीत नारळ खवत होत्या. गंमत म्हणून सांगितलं. त्यांचा हात थांबला. "ते सुनिल सान्तांचं गाणं आहे. ते इथलेच, जा-एलाचे." मग जरा वेळानं, "रातंजनकर तुमच्याकडचेच ना?"

अव्या, ते नाव त्या पडवीत, त्या तोंडून! आपल्या क्लासमध्ये भातखंड्यांच्या शेजारी त्यांचाच, अण्णासाहेब रातंजनकरांचा, फोटो होता, आठवतो? दर गुरुपौर्णिमेला तू हार तिरका घालायचास तो. बंदिशीत 'सुजान' हे त्यांचं टोपणनाव आलं की बुवा कानाला हात लावायचे.

अक्कांनी जे सांगितलं त्यानं तीन रात्री झोप नाही. हा सुनिल सान्ता 1915 चा. बाप्तिस्म्याचं नाव डॉन जोसेफ जॉन, कॅथलिक घर. शांतिनिकेतनला गेला, तिथून लखनौला मॅरिस कॉलेजात, म्हणजे थेट अण्णासाहेबांच्याच कॉलेजात, आणि विशारद होऊन आला. आल्यावर नाव बदललं. मुनिदास कुमारतुंगांची 'हेळ हवुल' म्हणून मंडळी होती, सिंहलीतून संस्कृत शब्द काढून टाकणारी. आपल्या भाषाशुद्धीवाल्यांसारखीच, फक्त उलट्या दिशेनं. आबा हयात असते तर निम्मं आयुष्य त्यांच्याशी भांडण्यात घालवलं असतं. हा त्या मंडळींतला. 1946 पासून रेडिओवर त्याची गाणी घरोघर. हिंदी चालींच्या नकला नकोत, सिंहली शब्द जसा बोलला जातो तसाच गायला जावा, हा त्याचा हट्ट. गाण्यांची पुस्तकं स्वरलिपीसकट काढली, म्हणजे कुणीही शिकावं. अक्का लहानपणी तसल्याच पुस्तकावरून शिकल्या, मास्तरांना न भेटता.

आणि मग 1952. रेडिओ सिलोननं गायकांची प्रतवारी लावायला अण्णासाहेबांना लखनौहून बोलावलं. सगळे रांगेत. हा गेलाच नाही. ज्यांच्या कॉलेजात शिकला त्यांच्यापुढे परीक्षेला बसला नाही. माझं गाणं तुमच्या रागांच्या पट्टीनं मोजायचं नाही, एवढंच. त्याला रेडिओचं दार बंद झालं. विशारदची प्रमाणपत्रं जाळली म्हणतात. नंतर पोटासाठी रेडिओ दुरुस्त करायचा म्हणे. ज्यानं हाकललं त्याचीच डबडी उघडून बसायचं! पुढे 1956 साली लेस्टर जेम्स पीरिस यांच्या 'रेखाव' चित्रपटाला चाली दिल्या, मार्सेलिन जयकोडी या धर्मगुरूंच्या शब्दांना. 1981 च्या एप्रिलमध्ये गेला, सहासष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

आता तू म्हणशील, मग घाल अण्णासाहेबांना शिव्या. माझी जीभ रेटत नाही. त्यांना बोलावलं म्हणून ते आले, जे येत होतं त्यानं मोजलं. तो माणूस खोटा नव्हता. पण मी? माझ्याकडे त्यांची विद्या शंभरात एक नाही, आणि त्यांची पट्टी मात्र मी सगळीकडे घेऊन फिरतोय. चाळीस वर्षं शिकवणीत पोरांना विचारतोय, राग कोणता, राग कोणता. परवा नातीनं भोंडल्याचं गाणं म्हटलं तर तिलाही विचारलं असतं, सून डोळे वटारून बघत होती म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या बाईंकडे गेलो, म्हटलं आठाचे सोळा करतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, मग बाकीच्या तिघांचं काय? त्यांना तुम्ही भजन म्हणायला लावलंत." खरंच आहे की. त्यांनी माझ्यासारख्या परीक्षकासाठीच मीरा पाठ केली होती. निकाल गुरुवारी आहे आणि माझ्या नावाची सही खाली आहे. काय करू, सांग. नाहीतर सांगू नकोस, तू पुन्हा विठोबालाच विचारायला सांगशील.

बरं, पिंकीचं ठरलं म्हणे? मुलगा इस्लामपूरचा ना? अभिनंदन. गुडघ्याचं एकदा उरकून टाक, पुढं ढकलू नकोस. वहिनींना नमस्कार.

आणि एक काम. आबांची ती चाल मला येत नाही. त्या वेळी शिकून घेतली नाही, का ते तुला माहीत आहे. तुझा आवाज कसाही असो, मोबाइलवर म्हणून पाठव. अक्कांना ऐकायची आहे.

तुझा,
विन्या

ता. क. – दालचिनी अर्धा किलो घेतली आहे, येताना आणतो. वहिनींनाच देईन, तुला नाही. चहाचं अजून लक्षात आहे.